दुसऱ्याच्या लेकराचें शिक्षण : दान कीं देणें ?

आपल्या मराठी भाषेंत 'देणें' हा एक चमत्कारिक शब्द आहे. आपण स्वखुशीनें दुसऱ्यास जें देतों तेंही देणें, आणि सोसायटीच्या वहींत आपल्या नांवावर जें थकलेलें असतें तेंही देणेंच. पहिल्या अर्थानें बोलणारा मनुष्य मान ताठ ठेवून बोलतो. दुसऱ्या अर्थानें बोलणारा खालीं पाहून बोलतो. बाजारांत किंवा पारावर या दोन अर्थांचा घोटाळा कधीं होत नाहीं, कारण कोण कोणत्या पायरीवर उभा आहे हें सर्वांस दिसतच असतें. परंतु गरिबाच्या मुलाच्या शिक्षणास साहाय्य करण्याची गोष्ट निघाली म्हणजे हा घोटाळा होतो, आणि तो लहान नाहीं. ज्यानें शाळेंत एक डझन वह्या वांटल्या त्यानें दान केलें, कीं थकलेलें देणें थोडेंसें फेडलें ? या प्रश्नाचें उत्तर जसें द्यावें तसें पुढील सारें वर्तन बदलतें. म्हणून त्याचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें योजिलें आहे.

वैराग हें बार्शी तालुक्यांतील बाजाराचें मोठें गांव. बार्शीहून सोलापुरास जाणाऱ्या रस्त्यावर तें आहे, आणि भोंवतालच्या खेड्यांचा देवघेवीचा व्यवहार तेथें चालतो. ज्वारीचा हा मुलूख, पाऊस बेताचा. ज्याच्या विहिरीस पाणी आहे त्याचें बरें चालतें. ज्यास जमीन नाहीं, किंवा असून नसल्यासारखी आहे, त्यास दसरा-दिवाळीनंतर घर सोडावें लागतें. या बाजूचीं आणि शेजारच्या धाराशिव व बीड जिल्ह्यांतील कुटुंबें ऊस तोडण्यास जातात तीं अशीं. मुकादम पावसाळ्यांतच उचल देऊन ठेवतो. नवरा आणि बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. दोन जिवांचें मिळून एक हत्यार करणारा हा हिशेब ज्यानें प्रथम मांडला, त्याच्या वहींत मुलांचें खातें कोठून असणार ? टोळी एकदां निघाली कीं मार्च-एप्रिलपर्यंत ती परत येत नाहीं. जूनमध्यें शाळेच्या पटावर नांव असतें, नोव्हेंबरांत त्या नांवाची जागा रिकामी होते. आठ-नऊ वर्षांची मुलगी असेल तर धाकट्यास सांभाळण्याकरितां तिला न्यावेंच लागतें. उन्हाळ्यांत तीं मुलें परत येतात तेव्हां शाळेचें वर्ष सरलेलें असतें. पटावर मूल पुढच्या वर्गांत जातें. त्याचें वाचन मात्र मागच्याच वर्गांत राहिलेलें असतें.

हें आपण सर्व पाहतों. आणि पाहून आपणांपैकीं पुष्कळांच्या मनांत कांहीं द्यावें असें येतें, हेंही खरें. दानबुद्धीस आम्ही नांवें ठेवीत नाहीं; जगांतील पुष्कळ चांगलीं कामें तिनेंच झालीं आहेत. परंतु दानाचा एक स्वभाव आहे तो ओळखून ठेवावा. दान कोणास द्यावें, किती द्यावें, केव्हां द्यावें आणि केव्हां थांबवावें, हें सर्व देणाराच ठरवितो. घेणाऱ्याकडे एकच काम उरतें, तें आभार मानण्याचें. वह्यावांटपाचे समारंभ आपण पाहिले असतीलच. मुलांना उन्हांत रांगेनें बसविलेलें असतें. पाहुण्यांस यावयास उशीर झालेला असतो. हार, नारळ, प्रास्ताविक, सत्कार, दुसरा सत्कार. मग ध्वनिक्षेपकावरून एकेकाचें नांव पुकारतात, आणि पुष्कळदां नांवाबरोबर 'निराधार', 'अमक्या वस्तींतील', 'तमक्या जातीचा' असें विशेषणही पुकारतात. मूल पुढें येतें, वही धरतें, आणि छायाचित्र निघेपर्यंत ती वही देणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या अशा दोघांच्या हातांत राहते. वहीची किंमत तीस रुपये असेल. त्या मुलानें त्या दिवशीं जें मोजलें तें याहून अधिक आहे. दहा वर्षांच्या मुलास लाज नसते अशी ज्यांची समजूत आहे त्यांनीं आपलें दहावें वर्ष आठवून पाहावें. मंदिराच्या भांडारांत दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आमच्या वाचकांस पाठ आहे. तींत तिचें नांव कोठेंही दिलेलें नाहीं, आणि त्यावांचून त्या गोष्टीचें कांहीं अडलें नाहीं.

आतां दुसरा पक्ष असा उठतो : "हें सारें सरकारचें काम आहे. आम्ही कर भरतों. कायदा आहे. मग आम्हीं कशास द्यावें ? आम्हीं दिलें तर सरकार आणखी आळशी होईल." हा आक्षेप पोकळ नाहीं, आणि तो करणारे सर्व कृपण असतात असेंही नाहीं. प्राथमिक शिक्षण हा मुलाचा हक्क आहे हें तत्त्व आपल्या देशांत सुखासुखीं आलेलें नाहीं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं १९०६ सालीं आपल्या सर्व राज्यांत शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ सालीं कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळांत तसेंच विधेयक मांडलें, तें पुढील वर्षीं फेटाळलें गेलें. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला. एवढें होऊन राज्यघटनेंत हा हक्क स्पष्ट शब्दांनीं घालण्यास २००२ साल उजाडावें लागलें. त्याचा कायदा २००९ सालीं झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास जवळच्या शाळेंत मोफत शिक्षण मिळालें पाहिजे, असें तो सांगतो. इतक्या श्रमानें मिळविलेला हक्क पुन्हां कोणाच्या औदार्यावर सोपवून देणें हें खरोखरच मागें जाणें होय. म्हणून सरकार जबाबदार नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. आमचा प्रश्न इतकाच कीं, सरकार जबाबदार आहे म्हणून आपण मोकळे होतों काय ?

येथें जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटरसाहेबांच्या शिक्षण आयोगापुढें जी साक्ष दिली तिचें स्मरण होतें. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा कीं, सरकारच्या तिजोरींतील पैसा बव्हंशीं कष्टकरी रयतेच्या घामांतून आलेला असतो, आणि त्यांतून वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाची सोय होते. रयतेच्या मुलांच्या वाट्यास प्राथमिक शाळाही नीट येत नाहीं. हा आरोप सरकारवर होता खरा. पण तो नीट वाचला तर सरकारपाशींच थांबत नाहीं. जो कोणी त्या पैशानें शिकला तो प्रत्येकजण त्या हिशेबांत येतो. आपल्या गांवचा शिक्षक, तलाठी, परिचारिका, बँकेंतील कारकून, आणि हा लेख वाचूं शकणारा प्रत्येक वाचक, यांचें शिक्षण त्यांच्या आईबापांनीं भरलेल्या फीच्या बळावर झालें काय ? ती फी कितीशी होती ! बाकीची रक्कम ज्यांनीं भरली त्यांत ऊस तोडणारे होते, खडी फोडणारे होते, मीठ आणि काडेपेटी विकत घेऊन कर भरणारे होते. त्यांचीं मुलें आज फडांत आहेत. दानाचा प्रश्न येथें संपतो आणि खात्याचा प्रश्न सुरू होतो.

कर्जाचा व्यवहार आमच्या वाचकांस नवा नाहीं. कर्ज घेणारा एक असतो आणि जामीन दुसरा असतो. घेणाऱ्यानें हप्ता चुकविला तर संस्था जामिनाच्या दारीं येते. त्या वेळीं "मूळ कर्ज माझें नाहीं" असें म्हणून जामिनाची सुटका होत नाहीं. गरिबाच्या मुलाच्या शिक्षणाच्या बाबतींत सरकार हें मूळ ऋणको, आणि आपण शिकलेलीं माणसें जामीन, अशी स्थिति आम्हांस दिसते. या उपमेंत आणखी एक सोय आहे. ज्या जामिनानें दुसऱ्याचा हप्ता भरला त्यास मूळ ऋणकोचें उपरणें धरण्याचा अधिकार येतो. ज्यानें कधीं कांहीं भरलें नाहीं आणि जो केवळ पारावर बसून सरकारास शिव्या देतो, त्यास कोणी विचारीत नाहीं. शाळा व्यवस्थापन समितींत पालकांची संख्या तीन-चतुर्थांश असावी असा २००९ च्या कायद्यांत नियम आहे. ती समिति कोठें केवळ कागदावर आहे आणि कोठें खरोखर बसते, हें पाहणें हेंही जामिनाचें काम आहे. देणें आणि जाब विचारणें या दोन गोष्टी परस्परविरुद्ध आहेत असें जें मानलें जातें तें चूक आहे.

परक्याच्या मुलाकरितां ज्यांनीं या मुलुखांत पूर्वीं दिलें, त्यांच्याकडे पाहिलें तर हें अधिक स्पष्ट होतें. पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई यांनीं १८४८ पासून ज्या शाळा काढल्या, त्यांचा खर्च बराचसा वर्गणीवर चालत असे. देशी व युरोपियन गृहस्थ त्यांत होते, आणि सरकारचेंही कांहीं साहाय्य होतें. त्या शाळेंतील मांग जातीची एक मुलगी, मुक्ता साळवे, हिनें मांग-महारांच्या दुःखाविषयीं एक निबंध लिहिला, आणि तो १८५५ सालीं 'ज्ञानोदया'त छापला गेला. ज्यांना धर्मग्रंथ पाहण्याचीही मनाई आहे त्यांचा धर्म तरी कोणता, असा प्रश्न त्या कोवळ्या वयाच्या मुलीनें त्यांत विचारला. आज पावणेदोनशें वर्षांनींही त्याचें उत्तर देतांना मोठमोठ्यांची तारांबळ उडते. ज्यांनीं रुपया-दोन रुपये वर्गणी दिली असेल त्यांच्या स्वप्नांतही हें नसेल. पण त्याच इतिहासाचें पुढचें पान असें कीं, १८५७ च्या बंडानंतर युरोपियनांच्या वर्गण्या आटल्या, आणि शाळांची पैशाची ओढ सुरू झाली. वर्गणी देणाऱ्यांचें मन फिरलें. मुलींचें काय चुकलें होतें? दानाची ही दुखरी बाजू आहे. तें झऱ्यासारखें येतें आणि झऱ्यासारखेंच आटतें.

आपल्या सोलापुरांतील गोष्ट पाहा. डॉक्टर आंबेडकर यांनीं १९२४ च्या जुलैंत मुंबईस बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली, आणि पुढच्याच जानेवारींत त्या सभेनें सोलापुरांत अस्पृश्य विद्यार्थ्यांकरितां वसतिगृह उघडलें. त्याची देखरेख जिवाप्पा ऐदाळे हे करीत. सभेनें प्रथम वसतिगृहच कां काढलें हें लक्षांत घेण्यासारखें आहे. शाळा होत्या, सरकारी शाळेचें दार कायद्यानें तरी उघडें होतें. पण खेड्यांतून आलेल्या त्या मुलानें शहरांत निजावें कोठें, आणि त्यास भाकरी कोणी घालावी ? ज्या गांवांत पाण्याच्या घागरीस हात लावूं देत नाहींत तेथें खोली भाड्यानें कोण देणार ? अडचण पाटीपेन्सिलीची नव्हती, आसऱ्याची होती. बार्शीस मामासाहेब जगदाळे यांनीं १९३४ सालीं शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं काम आरंभिलें तेंही बोर्डिंगापासूनच. त्याचा वाढलेला वृक्ष श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळाच्या शाळा-महाविद्यालयांच्या रूपानें आज सर्वांसमोर आहे.

साताऱ्यास भाऊराव पाटील यांनीं १९२४ सालीं बोर्डिंग सुरू केलें, त्याविषयीं पुष्कळ बोललें जातें. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्याविषयीं त्यामानानें कमी. जैन घराण्यांतील ही बाई महार, मांग, मराठा, मुसलमान अशा सर्व मुलांचें एका स्वयंपाकांत करीत असे. बोर्डिंगांत धान्य संपलें तेव्हां तिनें एकेक करून आपले दागिने दिले, आणि शेवटीं मंगळसूत्रही दिलें. आपल्या समाजांत सवाष्ण बाई मंगळसूत्र काढून देते याचा अर्थ काय हें वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. १९३० सालीं ती वारली. रयत शिक्षण संस्थेचीं महाविद्यालयें तिनें पाहिलीं नाहींत, आणि ज्या मुलांस तिनें जेवूं घातलें त्यांचें पुढें काय झालें हेंही तिला फारसें कळलें नसेल. तिच्या देण्यास काय म्हणावें ? दान म्हणावें तर दान करणारा आपल्याजवळ उरलेल्यांतून देतो. हिनें उरण्याची वाट पाहिली नाहीं. आईनें मुलास जेवूं घातलें म्हणजे तिनें दान केलें असें कोणी म्हणत नाहीं. परक्या मुलांच्या बाबतींत तिनें तोच हिशेब लावला, इतकेंच दिसतें. भाऊरावांनीं भोंवतालच्या गांवांतील घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा करविलें, आणि मुलांनीं स्वतः शेतांत राबून आपल्या भाकरीचा कांहीं भाग मिळवावा असा नियम ठेवला. यांतही तीच दृष्टि होती : घेणाऱ्यानें मान खालीं घालावी अशी वेळ येऊं द्यावयाची नाहीं.

आतां एका नाजूक गोष्टीकडे वळूं. गरीब विद्यार्थ्यास साहाय्य करण्याची चाल आपल्याकडे नवी नाहीं. पूर्वीं पुण्यासारख्या गांवीं गरीब मुलें वार लावून जेवीत : सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं. या चालीवर कित्येक विद्वान वाढले. पण तो वार कोणाच्या मुलास मिळे ? आपल्याच जातीच्या. ज्याचें आडनांव ओळखीचें, ज्याच्या आजोळची माहिती आहे, त्यास पानावर बसविण्यास कोणास जड गेलें नाहीं. आज जातिजातींचीं वसतिगृहें आहेत, जातिजातींचे गुणगौरव समारंभ होतात. आपल्या मंडळ्यांसही हें लागू आहे. सुगीच्या उपकारस्मरणाला जें धान्य जमतें त्यांतून एखाद्या मुलास मदत करावयाची ठरली म्हणजे प्रथम आपल्याच घरांतील मुलें डोळ्यांपुढें येतात. आपल्या मुलांस मदत करूं नये असें कोण म्हणेल ? परंतु ज्या दिवशीं आपण "हें मूल आपलें" आणि "तें मूल त्यांचें" असें म्हटलें, त्या दिवशीं देण्याचें पुन्हां दान झालें, आणि तेंही ओळख पाहून केलेलें. ज्यांचे आजे-पणजे गांवाच्या शिवेबाहेर बसले आणि ज्यांच्याकरितां कोणीतरी परक्यानें दार उघडलें, त्यांनीं तरी हें विसरूं नये.

गांवाच्या शिवेवर आज कोण आहे ? या भागांत पारध्यांच्या वस्त्या आहेत. १८७१ च्या कायद्यानें सरकारनें जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. सोलापुरांत अशा लोकांना तारेच्या कुंपणांत ठेवीत, आणि त्या भागास 'सेटलमेंट' हें नांव अजून चालू आहे. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला, पण गांवाच्या मनांतील कायदा रद्द झाला नाहीं. चोरी झाली कीं पहिल्यानें पाल कोणाचें तपासतात हें आपणांस ठाऊक आहे. अशा वस्तींतील मुलगा शाळेंत आला तर त्याच्या शेजारीं बसण्यास इतर मुलें कचरतात, आणि इतर मुलांस तें कोणी शिकविलेलें असतें. बार्शी तालुक्यांत महेश आणि विनया निंबाळकर या पतिपत्नींनीं अशा भटक्या व स्थलांतरित कुटुंबांच्या शाळाबाह्य मुलांसाठीं 'स्नेहग्राम' काढलें; महेश निंबाळकर यांनीं त्यापायीं जिल्हा परिषदेच्या शाळेंतील शिक्षकाची पक्की नोकरी सोडली. पक्की सरकारी नोकरी सोडणाऱ्यास आपल्याकडे लोक काय म्हणतात हें निराळें सांगावयास नको. सर्वांनीं नोकऱ्या सोडाव्या असें आम्ही सांगत नाहीं, आणि सर्वांनीं सोडल्या तर पगारांतून वर्गणी तरी कोण देणार ! पण एक संध्याकाळ सोडतां येते कीं नाहीं, हा प्रश्न प्रत्येकानें आपणांस विचारावा.

कारण पैशापेक्षां वेळ देणें कठीण आहे. पैसा देऊन मनुष्य मोकळा होतो. वेळ देणाऱ्यास उद्यां पुन्हां यावें लागतें. खेड्यांतील शाळांची पाहणी करणारा 'असर' नांवाचा अहवाल २००५ पासून निघत आहे. पांचवींतल्या सुमारें निम्म्या मुलांस दुसरीचें पुस्तक धड वाचतां येत नाहीं, असेंच तो बहुतेक वेळां सांगत आला आहे. हीं मुलें शाळेंत जातात. तरीही त्यांना वाचतां येत नाहीं. मुंबईंत १९९५ सालीं 'प्रथम' ही संस्था निघाली. तिनें वस्तींतल्याच दहावी-बारावी झालेल्या मुलींना थोडें शिक्षण देऊन मागें पडलेल्या मुलांना रोज कांहीं वेळ वेगळें बसवून वाचन व हिशेब शिकविण्यास लाविलें. मुंबई व बडोदें येथें अभ्यासकांनीं या कामाची कसून परीक्षा घेतली, तेव्हां मुलांची प्रगति खरोखर झालेली आढळली. या मुली पदवीधर नव्हत्या. त्यांच्याजवळ दोन गोष्टी होत्या : त्या मुलाच्या घरची बोली बोलत, आणि त्या रोज येत. आमच्या वाचकांत दहावी-बारावी झालेल्या पुष्कळ सुना व मुली आहेत. "आम्हांला कुठें इंग्रजी येतं ?" असें म्हणून त्या मागें सरतात. दुसरींतल्या मुलास बाराखडी वाचविण्यास इंग्रजी लागत नाहीं.

परंतु जी व्यक्ति हें काम हातीं घेईल तिनें एक गोष्ट जपावी. मुलांस आशा लावून मध्येंच सोडूं नये. चार दिवस उत्साहानें येणारे, मुलांस गाणीं शिकविणारे, त्यांच्यासह छायाचित्रें काढणारे आणि मग न कळवितां नाहींसे होणारे स्वयंसेवक पुष्कळ असतात. ज्या मुलाचा बाप दारूनें आणि आई फडामुळें दूर गेली आहे, त्यास आणखी एक सोडून जाणारा मनुष्य दाखविण्याची गरज नाहीं. आठवड्यांतून एकच दिवस जमत असेल तर एकच दिवस सांगावा, आणि तो दिवस पाऊस आला तरी पाळावा. सावकाराचा हप्ता आपण पाऊस आला म्हणून चुकवीत नाहीं.

कित्येक लोक अशीही तक्रार करतात कीं, मदत करून शिकविलेला मुलगा पुण्यास जातो, तेथेंच घर करतो, आणि गांवाकडे वळून पाहत नाहीं; मग काय उपयोग ? या तक्रारींत दुखावलेलें मन आहे, आणि तें आम्हांस समजतें. तथापि हिशेब पुन्हां तपासावा. जर आपण त्यास दान दिलें असेल, तर परतफेडीची अपेक्षा करणें दानास शोभत नाहीं. जर आपण आपलें देणें फेडलें असेल, तर फेडलेल्या कर्जाबद्दल कोणी उपकाराची अपेक्षा करीत नाहीं. दोन्ही बाजूंनीं तक्रारीस जागा उरत नाहीं. एवढें मात्र खरें कीं, ज्यास मिळालें त्याच्याही नांवावर आतां खातें उघडलें आहे; तें त्यानें आपणांपाशींच येऊन फेडावें असें नाहीं. माढा तालुक्यांतील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० च्या डिसेंबरांत जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्याची रक्कम दहा लक्ष डॉलर, म्हणजे सुमारें सात कोटी रुपये होती. त्यांनीं तींतील अर्धी रक्कम अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून देण्याचें त्याच वेळीं जाहीर केलें. ते नऊ शिक्षक निरनिराळ्या देशांतील. त्यांचें डिसले यांच्यावर कसलें ऋण होतें? कांहींच नाहीं. पण त्यांच्या शाळांतील मुलांचें होतें, असें त्यांनीं मानिलें.

आतां आमच्या वाचकांस काय करतां येईल हें थोडक्यांत सांगतों. जिल्हा परिषदेच्या शाळेंत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकें मोफत मिळतात. दुपारचें जेवणही मिळतें. तरीही दाते वह्या-पुस्तकेंच देतात, कारण तीं देण्यास सोपीं. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबाचें मूल गांवांत राहत नाहीं याचें कारण वही नव्हे. सकाळ-संध्याकाळची भाकरी आणि रात्रीं निजण्याची सुरक्षित जागा नाहीं, हें कारण. सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना याचसाठीं आहे, आणि ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते. परंतु टोळ्या निघून गेल्यावर मंजुरी आली तर तिचा उपयोग काय? तेथें जामिनानें पुढें व्हावें. एक मूठ ज्वारी म्हणजे पन्नास ग्रॅम धरा. दळण गिरणीस पाठविण्यापूर्वीं घरच्या बाईनें रोजची एक मूठ बाजूस काढिली, तर महिन्याची दीड किलो होते. चाळीस घरांची साठ किलो. एका मुलास दोन वेळच्या भाकरीस पाव किलो पीठ लागतें असें धरलें, तर महिन्यास साडेसात किलो. चाळीस मुठींवर आठ मुलें हंगामभर गांवांत राहूं शकतात. डाळ, तेल, मीठ यांचा खर्च निराळा. तो नोकरदारांनीं उचलावा. जीं मुलें आईबापांबरोबर गेल्यावांचून गत्यंतरच नाहीं, त्यांस शाळेकडून शिक्षण हमी पत्रक मिळवून द्यावें, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेंत बसतां येईल. आईबापांना हा कागद मागतां येत नाहीं, लिहितां-वाचतां येणाऱ्यानें बरोबर जावें.

मुकादमाची उचल पावसाळ्यांत पोहोंचते, म्हणून यादी नवरात्रापूर्वीं झाली पाहिजे. यादींत पारध्यांच्या वस्तींतील मुलांचीं नांवें प्रथम घालावीं, कारण शेवटीं घातलीं तर जागा उरत नाहीं. मूल आजीपाशीं राहत असेल तर धान्य आजीच्या घरीं पोहोंचवावें, तिला तें आणावयास बोलावूं नये. आणि मुलींच्या निजण्याची व्यवस्था पुरुषांनीं बैठकींत ठरवूं नये. ती वस्तींतील वडीलधाऱ्या बायांवर सोपवावी, कारण कोणाच्या घरांत रात्रीं काय चालतें हें त्यांनाच नक्की ठाऊक असतें.